लंडनमध्ये भवन नको, मंत्रिमहोदय

प्रति,
मा. मंत्री, मराठी भाषा विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

परदेशातल्या राजधान्यांमध्ये महाराष्ट्राची हक्काची वास्तू असावी ही मागणी अधूनमधून डोकं वर काढते आणि दर वेळी पहिलं नाव लंडनचं निघतं. मी लंडनमध्येच राहते आणि शनिवारी मुलांना मराठी शिकवते, तेव्हा या मागणीवर माझी सही असणार असं आपल्याला वाटेल. माझी विनंती मात्र उलटी आहे. सरकारने इथे नवी इमारत घेऊ नये. तोच पैसा दरवर्षी थोडा थोडा करून, इथे आधीपासून चालू असलेल्या कामाला द्यावा आणि किल्ल्या इथल्या लोकांकडेच राहू द्याव्यात.

सरकारने परक्या शहरात घर घेतलं की काय काय निस्तरावं लागतं, हे राज्याला ठाऊक आहे. किंग हेन्रीज रोडवरच्या १० क्रमांकाच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये विद्यार्थी म्हणून राहिले होते. ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं. घ्यायलाच हवं होतं, त्याबद्दल दुमत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटनही झालं. पण राहत्या घराचं संग्रहालय करायला कॅम्डन या लंडनच्या भागातल्या पालिकेची परवानगी लागते, ती हातात नव्हती. शेजाऱ्यांच्या तक्रारी गेल्या, पालिकेने नकार दिला, प्रकरण सार्वजनिक चौकशीपर्यंत गेलं आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्र्यांच्या आदेशाने अखेर परवानगी मिळाली. म्हणजे फीत कापल्यावर चार वर्षांहून अधिक काळाने. आधी उद्घाटन आणि मग कागदपत्रं हा क्रम आपल्याकडे खपून जातो, इथे नाही. ती वास्तू स्मारक आहे आणि तिने स्मारकच राहावं. रोज माणसांनी ये-जा करायचं ठिकाण ही वेगळीच गोष्ट.

‘नेहरू सेंटर आहे की’ असंही कुणी आपल्याला सांगेल. आहे, आणि चांगलं आहे. मौलाना आझादांनी १९५० मध्ये स्थापन केलेल्या भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेचं हे केंद्र १९९२ पासून मेफेअर या मध्य लंडनमधल्या महागड्या वस्तीत, साउथ ऑडली स्ट्रीटवर चालतं. गोपालकृष्ण गांधी त्याचे पहिले संचालक, पुढे काही वर्षं गिरीश कार्नाड होते. तिथे उत्तम गाणं-नाच फुकट ऐकता-पाहता येतो. परंतु या केंद्रांचं काम यजमान देशाला भारत दाखवणं हे आहे. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला तिथे खुर्ची मिळते, कपाट मिळत नाही. आणि मेफेअरमध्ये राहणारा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. आम्ही हॅरो, हाउन्स्लो, स्लाव अशा ठिकाणी विखुरलेलो असतो.

आपला लंडन दौरा कधी ठरला, तर उच्चायुक्तालयाच्या कार्यक्रमातून एक दुपार काढून हॅमरस्मिथला या. तिथे किंग स्ट्रीटवर पोलिश लोकांचं केंद्र आहे, सगळे त्याला ‘पॉस्क’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बाजूने लढलेले पोलिश सैनिक युद्धानंतर कम्युनिस्ट राजवटीतल्या मायदेशी परतायला तयार नव्हते. १९४७ मध्ये त्यांच्यासाठी इथे पुनर्वसनाचा कायदा झाला. वॉर्साचं सरकार त्यांना आपलं वाटत नव्हतं, त्यामुळे तिथून मदत मागायचा प्रश्नच नव्हता. १९६४ मध्ये त्यांनी संस्था काढली आणि देणग्या जमवून सत्तरच्या दशकात स्वतःची वास्तू उभी केली. आज तिच्यात नाट्यगृह आहे, कलादालन आहे, उपाहारगृह आहे, तळघरात जॅझ चालतो आणि १९४२ पासूनचं पोलिश ग्रंथालयही तिथेच आहे. २००४ मध्ये पोलंड युरोपीय संघात आला आणि एक संपूर्ण नवी पिढी कामधंद्यासाठी लंडनला आली. तिचं राजकारण वेगळं, आठवणी वेगळ्या, पण तिला आयतं दार मिळालं. म्हाताऱ्या सैनिकांनी कुणासाठी विटा रचल्या होत्या, हे त्यांनाही तेव्हा ठाऊक नसणार.

तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आयरिश सांस्कृतिक केंद्र आहे. ते १९९५ पासूनचं, पण वास्तू तिथल्या पालिकेच्या मालकीची होती. २०१२ च्या सुमारास पालिकेला पैशाची चणचण भासली आणि तिने ती विकायला काढली. नाच शिकणाऱ्या मुलांपासून निवृत्त मजुरांपर्यंत सगळे हलले, निधी उभा राहिला आणि वास्तू आयरिश लोकांनीच घेतली. मालक कितीही प्रेमळ असला तरी त्याची गरज बदलली की भाडेकरूला बाहेर पडावं लागतं. उद्या लंडनमधल्या भवनाचा मालक मंत्रालयातला एखादा विभाग असेल, तर सरकार बदललं, सचिव बदलले किंवा नुसतं एका वर्षी अंदाजपत्रक आवळलं, की आमचा शनिवारचा वर्ग कुठे बसणार?

आता आमच्या गरजांविषयी, कारण त्या सोहळ्यांच्या फोटोंत दिसत नाहीत.

लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ मध्ये स्थापन झालं. डॉलिस हिल लेनवर त्याचं केंद्र आहे आणि ते स्वयंसेवकांच्या जिवावर चालतं. पण लंडन हे पसरलेलं शहर आहे. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला मूल घेऊन दर आठवड्याला जाणं जमत नाही. म्हणून ठिकठिकाणी शाळांचे हॉल तासावर घ्यावे लागतात. वेळ संपली की खुर्च्या रचून, फळा पुसून बाहेर. तिथे एक पुस्तक ठेवून येता येत नाही, त्यामुळे वाचनालय म्हणजे कुणाच्या तरी गॅरेजमधली खोकी. घरात कुणी गेलं, तर चार माणसं जमायला दोन दिवसांत हॉल मिळत नाही. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले आजी-आजोबा आठवड्याचे पाच दिवस खिडकीशी बसून काढतात. दुपारी उघडं असलेलं, मराठी वर्तमानपत्र आणि दोन समवयस्क भेटतील असं ठिकाण त्यांना गायनाच्या महोत्सवापेक्षा जास्त हवं असतं. जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या, इथे कुणालाच न ओळखणाऱ्या मुली असतात. शिकायला आलेली मुलं असतात, ज्यांना घरमालकाचा करारनामा कुणी तरी वाचून समजावून द्यायला हवा असतो. केंद्राच्या वेळापत्रकात दुपार, संध्याकाळ आणि शनिवार-रविवार अशी तीन वेगवेगळी माणसं मावायला हवीत. नऊ ते पाच चालणारं शासकीय कार्यालय हे करू शकत नाही, आणि त्याने करावं अशी अपेक्षाही नाही.

सरकार काय करू शकतं, याचं उत्तर पुन्हा आयरिश लोकांकडेच आहे. आयर्लंडच्या परराष्ट्र खात्याने २००४ मध्ये स्थलांतरितांसाठी साहाय्य योजना सुरू केली. देशाबाहेरच्या आयरिश संस्थांना ते खातं दरवर्षी अनुदान देतं, एकूण रक्कम वर्षाला १ कोटी युरोंच्या वर जाते. वृद्धांची विचारपूस, सल्लाकेंद्रं, संगीताचे वर्ग अशा कामांना पैसे मिळतात. इमारती डब्लिनच्या नावावर होत नाहीत. फ्रेंचांनी तर हे आधीच ओळखलं होतं. १८८३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेल्या आलियाँस फ्रान्सेज या फ्रेंच भाषा शिकवणाऱ्या संस्थेची प्रत्येक शाखा त्या त्या देशाच्या कायद्याखाली नोंदलेली स्थानिक संस्था असते आणि तिची समितीही स्थानिक लोकांची असते. पुण्यातली शाखा आपल्या परिचयाची असेलच.

पैसे बुडतील अशी भीती असेल, तर इथे नोंदणीकृत धर्मादाय संस्थांचे हिशेब चॅरिटी कमिशनकडे जातात आणि मोठ्या संस्थांचे ताळेबंद कुणालाही घरबसल्या पाहता येतात. (आपल्या काही महामंडळांबद्दल असं म्हणता आलं असतं, तर बरं वाटलं असतं.) विश्वस्तांवर संस्थेचं हित पाहण्याची कायदेशीर जबाबदारी असते. म्हणून एक अट आपल्या बाजूनेही पाळावी लागेल: अनुदान दिलं म्हणून व्यासपीठावर कोण बसणार हे मुंबईहून ठरवता येणार नाही. आणि इथल्या मंडळांनीही एक पाळावं. अनुदान घेणाऱ्या संस्थेचं दार कोणत्याही जातीच्या, जिल्ह्याच्या आणि पक्षाच्या मराठी माणसाला आणि मराठी शिकू पाहणाऱ्या अमराठी शेजाऱ्यालाही उघडं असायला हवं. हे आपोआप घडतं असा दावा मी करणार नाही.

पहिलं अनुदान मी शिक्षकांसाठी मागेन. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला. इथे मात्र शाळकरी मुलं सोळाव्या वर्षाच्या आसपास देतात त्या जीसीएसई परीक्षेत बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू हे विषय आहेत, मराठी नाही. २०१५ मध्ये परीक्षा मंडळांनी कमी विद्यार्थ्यांच्या अशा अनेक भाषा बंद करायचं ठरवलं होतं. त्या त्या समाजांनी आवाज उठवला आणि पुढच्या वर्षी बंगाली, पंजाबी, गुजराती, पोलिश टिकल्या. त्यांच्याकडे वर्ग होते, शिक्षक होते, परीक्षेला बसणारी मुलं होती, म्हणून त्यांचं ऐकलं गेलं. आमच्या मुलांसाठी मराठी ही आजीशी बोलायची भाषा आहे, गुणपत्रिकेत तिला जागा नाही. तेराव्या वर्षी अभ्यास वाढला की पहिला बंद होतो तो मराठीचा वर्ग, आणि पालकांना मी दोष देऊ शकत नाही.

मराठी हा विषय एका पत्राने सुरू होणार नाही. त्यासाठी परीक्षक म्हणून काम करू शकतील असे प्रशिक्षित शिक्षक, इथल्या मुलांच्या वयाला आणि जगण्याला शोभणारी पाठ्यपुस्तकं आणि सलग काही वर्षं भरणारे वर्ग लागतील. बालभारतीची पुस्तकं मी वापरते, पण ती घरीदारी मराठी ऐकणाऱ्या मुलासाठी लिहिलेली आहेत. लंडनच्या दहा वर्षांच्या मुलाला लिपी पहिलीची आणि मजकूर पाचवीचा लागतो. अशी तीन-चार पुस्तकं करवून घेणं, शिक्षकांचं मानधन आणि चार-पाच हॉलचं वर्षाचं भाडं यांचा अंदाज आपल्या विभागाने मागवला, तर आम्ही तो आकड्यांसह पाठवू. भवनाच्या किमतीशेजारी तो ठेवून पाहा आणि मग ठरवा. येत्या अर्थसंकल्पाच्या आधी हे व्हावं, एवढीच घाई आहे, कारण वर्गातली मोठी मुलं आता बारा वर्षांची झाली आहेत.

कळावे,
आपली,
लंडनमधील एक मराठी शिक्षिका