कोपऱ्यात माझं नाव लिहिणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव कुठेही लिहायचं नाही, अशी तंबी देऊन तुम्ही मार्चमध्ये परत गेलात. ती पाळते आहे. पत्र लिहायचं नाही असं मात्र तुम्ही म्हणाला नव्हता, आणि लिहिल्यावाचून राहवत नाही. सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण माझ्यासारख्या घरात बसून मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवणाऱ्या बायकांनी हे वाचावं असं वाटतं. एकट्या नाशकात अशा कितीतरी असतील. एकमेकींना ओळखत नाहीत, एवढंच.

वाचणाऱ्यांसाठी आधी माझं काम सांगते. सिडकोत तिसऱ्या मजल्यावर आमचं घर. तिथल्या स्वयंपाकघरात सकाळी साडेसहाला मी लॅपटॉप उघडते, तेव्हा थंडीच्या दिवसांत टोरांटोकडे रात्रीचे आठ वाजलेले असतात. पोरांची जेवणं उरकून आठ-नऊ जणी समोर येतात. एक सिन्नरची, एक निफाडची, दोघी इथल्याच इंदिरानगरच्या. बहुतेक जणी नवऱ्याच्या वर्क परमिटमागे गेलेल्या. कॅनडात नव्याने आलेल्यांना सरकार फुकट इंग्रजी शिकवतं, १९९२पासून. त्या वर्गांना लिंक म्हणतात. पण त्यांत बसायला पीआर, म्हणजे तिकडे कायम राहायची परवानगी लागते, नाहीतर निर्वासित म्हणून मान्यता लागते. वर्क परमिटवाल्यांना तिथे जागा नाही. पीआर कधी यायचं ते येतं. दुखणीखुपणी, पोरांची शाळा, घरमालक आणि बस मात्र पहिल्या दिवसापासून मागे लागतात. तो मधला काळ या बायका माझ्याकडे असतात.

दुखण्याचं पान त्यातूनच आलं. माझ्या चुलतभावाची बायको तिकडे नवीनच होती, पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात गेली. डॉक्टर बाई विचारत होत्या, कसं दुखतं? ही म्हणाली, व्हेरी पेन. त्यांनी पुन्हा विचारलं. ही म्हणाली, व्हेरी व्हेरी पेन. घरी येऊन मला फोन केला आणि रडायलाच लागली. "मला सांगता येतं हो, वन्स. कळ येते, थांबते, मग पाठीत चमक निघते. सगळं येतं मला सांगता. तिला कळेल असं तेवढं येत नाही."

त्या रात्री वहीच्या पानावर मी एक बाई काढली, ओबडधोबड, आणि तिच्याभोवती शब्द लिहीत गेले. ठणका, कळ, चमक, ठसठस, जळजळ, मुंग्या. प्रत्येकासमोर इंग्रजी. ठणक्याला थ्रॉबिंग, चमक निघते त्याला शूटिंग पेन, जळजळीला बर्निंग. कळ दोन दिवस सापडेना. शेवटी क्रॅम्प लिहिलं आणि पुढे जोडलं, कम्स अँड गोज. आपल्या बायकांकडे दुखण्याला किती नेमके शब्द आहेत, हे मला ते पान करताना समजलं.

त्या पानावर माझं नाव नव्हतं. का नव्हतं, ते तुम्ही विचारलंत तेव्हा मी टाळलं होतं. आज सांगते.

घरून शिकवायला लागण्याआधी सहा वर्षं मी एका क्लासमध्ये होते. क्लासचं नाव लिहीत नाही. तिथे वर्गात मराठी शब्द तोंडून गेला की दहा रुपये दंड असायचा. चाळिशीची माणसं खिशातून दहाची नोट काढून टेबलावर ठेवायची आणि मग तास संपेपर्यंत गप्प बसायची. मी घरी बसून त्यांच्यासाठी पानं तयार करायचे, बँकेतल्या बोलण्याचं, भाड्याच्या घराचं, फोनवर आपलं नाव एकेक अक्षर करून सांगण्याचं. एका जूनमध्ये त्या सगळ्या पानांचं पुस्तक छापून आलं. रंगीत मुखपृष्ठ, क्लासचा लोगो. माझं नाव आत नाही, बाहेर नाही, आभारातसुद्धा नाही. विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "मॅडम, पानावरचं नाव कोण बघतं?"

त्या दिवसापासून मी कागदावर नाव घालणं सोडलं. इतकं साधं आणि इतकं वाईट कारण होतं ते.

नंतर आपल्याच कामाची माणसं शोधायचा प्रयत्न मी केला, नाही असं नाही. एका हॉटेलात इंग्रजीच्या शिक्षकांचा दिवसभराचा मेळावा होता. पत्रिकेत जेवणाच्या वेळेला 'नेटवर्किंग लंच' असं लिहिलं होतं. ताट हातात घेऊन मी पाच-सहा जणांशी बोलले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, कुठल्या कॉलेजला? मी सांगायचे, घरून शिकवते, बी.ए. मुक्त विद्यापीठातून केलं. तेवढ्यात समोरच्याची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे कुणाला तरी शोधायला लागायची. ज्या विद्यापीठाने 'ज्ञानगंगा घरोघरी' म्हणत माझ्यासारख्या लग्न झालेल्या मुलीला पदवीपर्यंत नेलं, त्याचं नाव घेताना मला कधीच लाज वाटली नाही. पण त्या दुपारी मी गुलाबजाम तसाच ठेवून बाहेर पडले. परदेशातल्या शिक्षकांच्या एक-दोन मंडळांनाही ईमेल केल्या होत्या. उत्तर आलं नाही.

आणि मग डिसेंबरात तुमचा फोन आला.

माझ्याकडे शिकणाऱ्या एकीला पीआर मिळालं आणि ती तुमच्या लिंकच्या वर्गात जाऊन बसली. तिकडे शिकणाऱ्याने आपापल्या कामांची फाइल ठेवायची असते. हिच्या फाइलमध्ये माझं पान होतं. तुम्ही विचारलंत, हे कुणी केलं? ती म्हणाली, आमच्या नाशिकच्या मॅडमनी. नोकरीचं तुमचं ते शेवटचं वर्ष होतं. निवृत्त होऊन हिवाळ्यात माहेरच्या गावी यायचं तुमचं ठरलेलंच होतं. तुम्ही तिच्याकडून माझा नंबर घेतलात आणि नाशकात उतरल्यावर चौथ्या दिवशी आमचे तीन जिने चढून वर आलात.

कॅनडात एवढी वर्षं शिकवलेल्या बाई घरी येणार म्हणून मी आदल्या रात्री व्याकरणाची पुस्तकं टेबलावर मांडून ठेवली होती. तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंही नाही. बिनसाखरेचा चहा मागितलात आणि म्हणालात, "उद्या सकाळचा वर्ग असेल ना? मी कॅमेऱ्यात येणार नाही. कोपऱ्यात बसेन." दुसऱ्या दिवशी सव्वासहाला शाल गुंडाळून तुम्ही हजर. वर्ग होईपर्यंत ओट्याशेजारच्या स्टुलावर बसलात. मी मधेच मराठीत समजावून सांगत होते आणि मनातून धास्तावले होते. संपल्यावर तुम्ही म्हणालात, "मराठी काढून घेतलीत तर त्यांच्याकडे उभं राहायला जमीन कुठली?" कुसुमाग्रजांच्या गावात २७ फेब्रुवारीला मराठीची भाषणं मी दरवर्षी ऐकते. पण मराठी मधे घेऊन इंग्रजी शिकवते म्हणून माझी पाठ थोपटणाऱ्या तुम्ही पहिल्या.

तुम्ही शिकवलेल्या गोष्टी लिहीत बसले तर पत्र पुरायचं नाही. कॅनडात भाषेच्या बारा पायऱ्या मानतात, आणि १८ ते ५४ वयाच्या माणसाला नागरिकत्वासाठी बोलण्या-ऐकण्यात चौथी पायरी लागते, हे मला माहीत होतं. पण ज्यांनी शाळाच फारशी पाहिली नाही त्यांचा वेगळा विचार तिथे केलेला आहे, त्यांच्यासाठी वेगळे टप्पे आहेत, हे तुमच्याकडून कळलं. माझ्याकडची एक मावशी तिसरीपर्यंत शिकलेली, सुनेकडे गेलेली. मी तिला एबीसीडी गिरवायला लावत होते आणि ती दर दोन दिवसांनी वर्ग बुडवत होती. तुम्ही म्हणालात, आधी तिचं स्वतःचं नाव, मग घराचा पत्ता, मग तिच्या बसचा नंबर. अक्षरं त्यातूनच येतील. आता ती एकही दिवस चुकवत नाही.

पण ताई, मला लिहायचं आहे ते झेरॉक्सच्या दुकानाबद्दल.

कॉलेज रोडवरचं ते चिंचोळं दुकान. परीक्षेचे दिवस, पोरांची ही गर्दी. माझं दुखण्याचं पान तिकडच्या तुमच्या जुन्या सहकाऱ्यांना पाठवायचं होतं, म्हणून आधी स्वच्छ कॉपी काढून मग स्कॅन करायचं ठरलं होतं. दुकानदाराने पान काचेवर ठेवलं, झाकण खाली आणलं आणि तुम्ही त्याला थांबवलंत. "थांब रे जरा." पान परत घेतलंत. उलटं करून पाहिलंत, पुन्हा सुलटं केलंत. मला विचारलंत, "याच्यावर तुमचं नाव का नाही?"

मी काहीतरी पुटपुटले. राहू द्या, असू दे, त्यात काय एवढं, असंच काहीसं. तुम्ही पुढे काही विचारलं नाहीत. काउंटरवर दोरीला बांधलेलं पेन होतं, ते घेतलंत. दोरी आखूड, कागदापर्यंत पोचेना. तेव्हा तुम्ही कागद ओढून पेनाजवळ नेलात, मागे पोरं खोळंबलेली असताना चष्मा नाकावर घेतलात आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात माझं नाव लिहिलंत. पूर्ण नाव, आडनावासकट. आडनावातली वेलांटी पहिली की दुसरी, ते मला विचारून. खाली लिहिलंत, नाशिक. मग पुन्हा तेच सगळं इंग्रजीत. शाई मधेच तुटली तर त्याच अक्षरावरून पेन परत फिरवलंत. कागद दुकानदाराकडे दिलात आणि म्हणालात, "हं, आता काढ."

दोन मिनिटं लागली असतील. मी तुमच्या मागे उभी होते आणि भिंतीवरच्या बाइंडिंगच्या दरांकडे बघत होते, कारण तुमच्याकडे बघणं मला जमणार नव्हतं.

तुमच्यासाठी ती सवय असेल. तिकडे शिक्षक एकमेकांची पानं वापरतात तेव्हा कुणाचं ते खाली लिहितात, असं तुम्ही रिक्षात सहज सांगितलंत. पण ज्या बाईला सहा वर्षांच्या कामावर सांगितलं गेलं होतं की नाव कोण बघतं, तिचं नाव कुणीतरी गर्दी थांबवून लिहिलं. वेलांटी विचारून लिहिलं.

त्या शनिवारी रात्री साडेआठला तुमच्या जुन्या मंडळींच्या बैठकीत तुम्ही मला नेलंत. तिकडे सकाळचे दहा. दहा-बारा चेहरे, कुणाच्या हातात कॉफी, कुणाच्या मांडीवर मांजर. तुम्ही माझी ओळख करून दिलीत ती 'माय कलीग फ्रॉम नाशिक' अशी. माझी सहकारी. कुठलं कॉलेज, कुठली पदवी, कुणी विचारलं नाही. पान सगळ्यांनी आधीच पाहिलं होतं. एकीच्या वर्गात अरबी बोलणाऱ्या बायका होत्या. तिने विचारलं, आमच्या बायकांकडून त्यांचे दुखण्याचे शब्द घेऊन असंच पान करू का, आणि मूळ कल्पना तुमची असं खाली लिहू का? मला उत्तर द्यायला वेळ लागला. तिला वाटलं माझा आवाजच जात नाहीये.

आता महिन्यातून एका शनिवारी मी त्या बैठकीला असते. मी विचारते, तेही विचारतात. परवा एकाने मला विचारलं की मोठ्या वयाच्या शिकणाऱ्याची चूक सगळ्यांसमोर सुधारावी का, आणि मी बोलत असताना तो लिहून घेत होता. ओळखी वाढवणं, संपर्क वाढवणं, हे शब्द मी त्या हॉटेलातही ऐकले होते. पण तिथे प्रत्येक जण स्वतःचं कार्ड पुढे करत होता. तुम्ही माझं नाव पुढे केलंत.

चांगुलपणाबद्दल आपल्याकडे फार मोठमोठं बोललं जातं. मला वाटतं तो बहुतेक वेळा असाच असतो, दोन मिनिटांचा आणि कुणाचं लक्ष नसताना केलेला. बसमध्ये ओळख नसलेल्या बाईचं पोर मांडीवर घेणारी बाई असते ना, रांगेत म्हाताऱ्याचा फॉर्म भरून देणारा पोरगा असतो ना, तसा. त्यांना आपण काही दिलं असं वाटतही नसावं. घेणाऱ्याला मात्र ते वर्षानुवर्षं पुरतं. त्या क्लासच्या मालकांवर माझा राग अजून आहे, तो गेला असं खोटं लिहिणार नाही. पण पूर्वी कागद हातात घेतला की ते आठवायचे. आता ती आखूड दोरी आठवते.

तुम्ही गेलात त्या सुमारास तिकडची घड्याळं एक तास पुढे गेली आणि साडेसहाचा वर्ग त्यांच्याकडे रात्री नऊला भरायला लागला. बायकांना जड जाई, म्हणून मी साडेपाचवर आणलाय. वहिनी तुम्हाला नमस्कार सांगते. मागच्या महिन्यात दाढ दुखली तेव्हा तिने स्वतः फोन करून वेळ घेतली आणि कसं दुखतंय ते एका दमात सांगितलं. थ्रॉबिंग, रात्री जास्त, थंड पाणी लागलं की शूटिंग.

त्यावरून नवं पान केलंय, दाताच्या दवाखान्याचं. सोबत पाठवते आहे. कोपऱ्यात नाव या वेळी मीच घातलंय. 'दात शिवशिवतात' याला सेन्सिटिव्ह लिहिलंय, पण त्यात शिवशिव पुरती येत नाही असं वाटतं. तुम्ही बघाल का?

तुमची,
नाशिकची सहकारी