काकांना बसवता येणार नाही

दुबई, मंगळवार रात्र

ती. अप्पा आणि आई,
शरणार्थ.

फोनवर तुमचा आवाज आला की रडू फुटतं आणि सांगायचं ते राहूनच जातं, म्हणून लिहितेय. दादा वाचून दाखवेल. काकूलाही बसवा, आजीसमोर मात्र नको.

कागदपत्रं आज पुरी झाली. दवाखान्याचं पत्र, पोलिसांची ना-हरकत, मृत्यूचा दाखला, व्हिसा रद्द, मग आपल्या वकिलातीत पासपोर्ट रद्द. ३१ वर्षांत काकांनी किती पासपोर्ट बदलले असतील, हा शेवटचा. त्यावर शिक्का मारताना मला बघवलं नाही. मुंबई विमानतळावरच्या आरोग्य खात्याची परवानगीही आली. २०२३ पासून ती ई-केअर नावाच्या पोर्टलवर मिळते, त्यामुळं तेवढी धावपळ वाचली.

इथले बरेच जण म्हणाले, जेबेल अलीला हिंदूंचं स्मशान आहे, तिथंच उरकून घे. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण तिथं दहन करतात, आपल्या लिंगायतांत पुरतात. आणि आजोबांच्या समाधीशेजारची जागा काकांनी मागच्या सुट्टीत स्वतः साफ केली होती, तुमच्यासोबत, अप्पा. मी त्यांना दुसरीकडं कुठं ठेवू?

आता जे सांगायला हात थरथरतोय ते सांगते. काकांना बसवता येणार नाही.

विमानानं पाठवायचं तर एम्बामिंग करावंच लागतं. अंगात औषध भरतात, त्यानं देह टिकतो, पण ज्या स्थितीत ठेवला त्याच स्थितीत घट्ट होतो. मी आधीच त्या माणसाला विचारलं होतं, मांडी घालून बसवता येईल का, आमच्यात बसवूनच पुरायची रीत आहे. केरळचा आहे तो. बराच वेळ गप्प राहिला. म्हणाला, असं आजवर कुणी विचारलं नाही, पण पेटी आडवीच जाते, ताई. त्यानं काकांचे केस नीट विंचरले, भांग डावीकडं पाडला. मी फोटो दाखवला होता.

अप्पा, तुम्ही म्हणाल पेटीतून काढून बसवू. नका करू. सांधे मोडावे लागतील आणि ते मला सहन होणार नाही. विधी करणाऱ्या जंगम स्वामींशी तुम्हीच बोला, तुमचा शब्द ते ऐकतात. खड्डा नेहमीसारखा चौकोनी नको, पेटी आडवी मावेल असा सात फूट लांब आणि तीन फूट रुंद घ्या. आदल्या दिवशी काढून ठेवू नका, या पावसात नदीकाठची माती ढासळते. आंघोळ घालायची नाही असं त्या केरळच्या माणसानं बजावलंय. तोंड उघडून दाखवू, कपाळाला विभूती लावू. औषधाचा वास डोळ्यांना झोंबतो, तेव्हा आजीला फार वेळ जवळ बसवू नका.

काकांच्या गळ्यातलं इष्टलिंग दवाखान्यानं घड्याळ आणि चष्म्यासोबत एका प्लास्टिकच्या पिशवीत दिलं. डबीसकट माझ्या पर्समध्ये आहे, सामानात टाकलेलं नाही. त्यांच्या डाव्या तळहातावर ते मी ठेवू का? दादा मोठा आहे, मान त्याचा, हे मला कळतं. पण हे सहा दिवस त्यांच्याजवळ मी होते.

उद्या रात्रीचं विमान. तीन तासांत मुंबई, पण पेटी मालवाहू विभागातून सुटायला सकाळ होईल. पुढं पावणेचारशे किलोमीटर, त्यात घाट आणि पाऊस, म्हणजे गुरुवारची संध्याकाळ धरा. अप्पा, तुम्ही मुंबईला यायचं नाही. तुमचं बीपी आणि रात्रीचा प्रवास, दोन्हींची काळजी मला वाटेत नको. दादा येतोय तेवढं पुरे.

किणी टोलनाक्यावरून फोन करते. स्वामींना निरोप तेव्हा द्या आणि आजीला तोवर पडू दे.

तुमची,
धाकटी