मिगवर का थांबत नाहीये

प्रिय आई-बाबा,

फोनवर बोलताना मागे कोणाचा तरी ग्राइंडर चालू असतो आणि माझं अर्धं बोलणं तुम्हाला ऐकूच येत नाही, म्हणून लिहायला बसले. बाबा, तुमचं म्हणणं मला कळलंय, मिग वेल्डिंग येतंय ना तुला, मग लाग कामाला, बाकीचं नंतर बघू. त्यात चुकीचं काही नाही, इथले बरेच जण तेच करणारेत. पण मला कामाला लागायच्या आधी अजून थोडं शिकायचंय, आधी वाचा आणि मग काय ओरडायचं ते ओरडा.

मिग म्हणजे वर्कशॉपमध्ये सगळे ज्याला सीओटू म्हणतात ते. हातात गन, ट्रिगर दाबला की वायर आपोआप पुढे येत राहते आणि तिच्याभोवती गॅस, लोखंडाला नुसता कार्बन डायऑक्साइड नाहीतर आर्गनबरोबर मिक्स केलेला. आर्क वेल्डिंगसारखं रॉड बदलायला थांबायचं नाही, स्लॅग, म्हणजे वेल्डवर जमलेली कडक खपली, फोडत बसायचं नाही, हात पटकन बसतो. पण गोम अशी की हे दिसायला लवकर चांगलं दिसतं. वरून बीड, म्हणजे वेल्डची रेघ, एकदम गुळगुळीत आणि खाली प्लेट धड वितळलेलीच नाही, मेटल नुसतं वर जाऊन बसलंय. आमचे सर असा छान दिसणारा जॉब, म्हणजे जोडलेला तुकडा, मुद्दाम निवडतात, पट्टी कापतात, वाकवतात, आणि तो जोडावरच उघडतो, सगळ्यांसमोर. शिवाय उघड्यावर जरा वारा सुटला की गॅस उडून जातो आणि वेल्डमध्ये बारीक भोकं राहतात. म्हणजे शेडमध्ये टेबलावर काम करायला मिग राजा, पण उंचावर, साइटवर, पाइपलाइनवर त्याच्या एकट्याच्या जिवावर नाही जाता येत.

तिथे आपली जुनी आर्कच लागते, रॉडवाली. रॉडवरचं कोटिंग जळून स्वतःच गॅस तयार करतं आणि वर स्लॅगचा थर धरतं, त्यामुळे वाऱ्याचं तिला एवढं काही नसतं. पण हाताला भारी त्रास! रॉड जळत जळत छोटा होत जातो, म्हणजे हात पुढे सरकवायचा आणि त्याच वेळी खालीही आणत राहायचा, आणि रॉडचं टोक आणि प्लेट यांच्यातलं अंतर साधारण रॉडच्या जाडीएवढंच ठेवायचं, कमी झालं की चिकटतो, वाढलं की सगळीकडे ठिणग्या आणि बीड पसरते. अंतर बरोबर असलं की एकसारखी तडतड येते, मी आता डोळ्यांपेक्षा जास्त त्या आवाजावर चालते. रॉडच्या नंबरमध्ये पण सगळं लिहिलेलं असतं, ७०१८ मधले ७० म्हणजे वेल्ड दर चौरस इंचाला ७० हजार पाउंड ओढ सहन करणार, १ म्हणजे आडवं, उभं, डोक्यावर कुठेही चालणार, आणि शेवटचा आकडा कोटिंगचा. हा रॉड भलताच नाजूक आहे, कोटिंगला ओल लागली की हायड्रोजन वेल्डमध्ये शिरतो आणि जोड गार झाल्यावर, कधी कधी दुसऱ्या दिवशी, तडा जातो. म्हणून पाकीट फोडलं की रॉड शंभर डिग्रीच्या वर तापवलेल्या ओव्हनमध्ये.

आणि मग टिग, म्हणजे आर्गन वेल्डिंग, ज्यासाठी मी खरी अडून बसलेय. आई, तू शिवणाच्या मशीनवर दोन्ही हात आणि पाय एकदम चालवतेस ना, अगदी तसंच. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हाताने फिलर, म्हणजे जोडात भरायची धातूची काडी, थेंब थेंब घालायचा, आणि पायाखालच्या पेडलने करंट कमी-जास्त. टॉर्चमधलं टंगस्टनचं टोक ३४२२ डिग्रीला वितळतं म्हणून ते तसंच टिकतं, खालचं मेटल वितळतं. ॲल्युमिनियम तर वेगळंच प्रकरण, धातू ६६० डिग्रीला वितळतो पण त्याच्यावरच्या ऑक्साइडच्या पापुद्र्याला दोन हजारच्या वर लागतात, म्हणून एसी करंट वापरून तो पापुद्रा फोडत जायचं. रंग बदलत नाही, लाल होत नाही, एका क्षणी सरळ ढासळतं. मला हे जाम आवडतं.

आता मुद्दा. पाइपच्या कामात बऱ्याचदा पहिला पास, म्हणजे सगळ्यात खालचा थर, रूट, टिगने मारतात आणि वरचे थर रॉडने. त्याची जी मोठी टेस्ट असते, सिक्स जी, त्यात पाइप ४५ डिग्रीला तिरपा घट्ट बांधलेला असतो, तो फिरवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती फिरायचं, एकाच जोडात सगळ्या पोझिशन येतात. मला तिथे पोचायचंय. आत्ता मिगवर कामाला लागले तर दिवसभर ट्रिगर दाबून परत रात्री टिगची प्रॅक्टिस होणारे का, मला नाही वाटत.

आई, डोळ्यांचं. हेल्मेटची काच दहा-अकरा नंबरच्या गडद शेडची असते, आर्क, म्हणजे वेल्डिंगचा झगझगीत उजेड, लागला की आपोआप काळं होतं, आणि काळं नसतानाही अतिनील किरणं अडवतं. दुसऱ्याच्या आर्ककडे उघड्या डोळ्यांनी बघितलं तर तेव्हा काही कळत नाही, काही तासांनी डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं, म्हणून मधे पडदे लावलेत. कपडे सुती, सिंथेटिक वितळून कातडीला चिकटतं. धुराबद्दल मात्र तुला खोटं सांगणार नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत घातलाय. मी मास्क लावते, धूर खेचणारा पाइप जॉबजवळ ओढून घेते आणि डोकं धुराच्या बाहेर ठेवते. जिथे हे नसेल तिथे काम घेणार नाही, हे आधीच ठरवलंय.

आणि बाबा, तुम्ही जिन्याच्या रेलिंगचं म्हणालात, ते पाइप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले, आहेत! जस्त लोखंड वितळायच्या कितीतरी आधी, नऊशेच्या आसपासच उकळतं आणि पांढरा धूर होतो, तो नाकात गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. तर जोडाच्या दोन्ही बाजूंचं जस्त आधी ग्राइंडरने काढायला सांगा, काम उघड्यावर करायला सांगा, आणि तुम्ही नेहमीसारखे कमरेवर हात ठेवून शेजारी उभे राहू नका, घरात जा. झाल्यावर त्या जागी झिंकवाला रंग मारून घ्या नाहीतर गंजेल. आणि जोडाचा फोटो पाठवा, जवळून, खालच्या बाजूचापण.

तुमचीच