त्या रात्रीबद्दल खोटं का छापलंत?

संपादक महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला, नाझी छळछावणीतून वाचलेला ज्यू लेखक एली विझेल याच्यावरचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय. लेखकाने मेहनत घेतलीय हे दिसतं, पण 'वडिलांची त्याने अखेरच्या श्वासापर्यंत सेवा केली' हे कुठून आणलं? 'नाइट' या त्याच्या छावणीतल्या आठवणींच्या पुस्तकात असं नाहीये हो. जानेवारी १९४५ संपत आलेला, बुखेनवाल्डच्या छळछावणीत वडील आजारी, पाणी पाणी करतायत, ऑफिसर त्यांच्या डोक्यात दांडा घालतो आणि मुलगा वरच्या फळीवर गप्प पडून राहतो, आपल्यालाही मार बसेल म्हणून. वडील शेवटचं बोलले ते याचंच नाव. हा गेला नाही. सकाळी बघतो तर त्या जागी दुसराच आजारी माणूस. रडू आलं नाही, हेसुद्धा त्याने लिहून ठेवलंय.

मला हे इतकं का लागलं ते सांगते. २००९ मध्ये माझे अण्णा हॉस्पिटलमध्ये होते, माझी जागरणाची पाचवी रात्र, त्यांनी पाण्यासाठी हाक मारली आणि मी जागी असून झोपेचं सोंग घेतलं, वाटलं नर्स बघेल. दोन दिवसांनी अण्णा गेले. हे मी सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं. पुढच्या वर्षी हे पुस्तक हातात पडलं. छळछावणी कुठे आणि आमचा वॉर्ड कुठे, तुलना करायचीच नाहीये मला, पण स्वतःची लाज अशी उघड लिहिणारा माणूस वाचला आणि त्याच आठवड्यात मी भावाला फोन करून सगळं सांगितलं. तुम्ही नेमकं तेच पुसून त्याचा श्रावणबाळ केलात!

आणि 'तो नास्तिक झाला' म्हणून एका ओळीत उरकलंय. छावणीत रोश हशानाला, म्हणजे ज्यूंच्या नववर्षाला, हजारो कैदी प्रार्थना करतायत आणि हा पोरगा मनातल्या मनात देवावर आरोप ठेवत उभा आहे, योम किप्पुर या ज्यूंच्या उपासाच्या दिवशी उपास न करता सूप पितोय, तेही देव गप्प बसला या रागाने. देव नाहीच म्हणणारा कुणावर एवढा चिडेल? पुढे तो प्रार्थनाही करत राहिला आणि देवाशी भांडतही राहिला.

लेखातल्या फोटोखाली 'ऑशविट्झ' हे दुसऱ्याच छावणीचं नाव छापलंय तेही चूक. लाकडी फळ्यांवर दाटीने पडलेल्या कैद्यांचा तो फोटो बुखेनवाल्डचा, १६ एप्रिल १९४५ चा, सुटकेनंतर पाच दिवसांनी काढलेला. येत्या रविवारी दुरुस्ती छापा, फोटोची आणि त्याआधी वडिलांबद्दलच्या त्या वाक्याची.

एक वाचक, सातारा