बाबा, वर जाऊ, पण खाली उतरायचं नाही

ती. आई-बाबांना सा. न.

परवा फोनवर बाबांनी नुसतं "बरं" म्हटलं आणि फोन आईच्या हातात दिला, तेव्हाच कळलं की बिनसलंय. त्या "बरं"चा अर्थ आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. फोनवर पुन्हा विषय काढला असता तर तुम्ही हवापाण्यावर गेला असतात, म्हणून सविस्तर लिहितेय. आई, तू मोठ्याने वाच आणि बाबांना मध्ये बोलू देऊ नकोस.

तर, बुकिंग झालंय. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आपण सगळे स्लीपिंग बेअर ड्यून्सला, म्हणजे इथे अमेरिकेतल्या मिशिगन तळ्याकाठच्या वाळूच्या टेकड्यांच्या पार्कात जातोय. बाबांनी व्हिडिओत पाहिला तो उभा वाळूचा उतार, जिथे खालून माणसं हातापायांवर सरपटत वर येतात, तेवढा मी यादीतून काढलाय. बाकी सगळं आहे. "मला म्हातारा ठरवून मोकळी झालीस" हे तुम्ही आईला म्हणालात, ते मला ऐकू आलं बरं का. स्पीकर चालू होता.

बाबा, चाळीस वर्षं तुम्ही रोज सकाळी अजिंक्यतारा चढताय, सज्जनगडच्या पायऱ्या तुम्हाला जिना वाटतात, हे कोण नाकारतंय? पण हा गडाच्या उलटा प्रकार आहे. गडावर आधी चढ, मग उतार. दम लागला तर कुठूनही मागे फिरता येतं. इथे गाडी वर उभी असते. माणूस आधी खाली जातो, मजेत, वाळूतून घसरत, काही मिनिटांत. पाणी साडेचारशे फूट खाली आहे. आपण दमलोय हे कळतं तेव्हा तो तळाशी असतो आणि परत यायला तोच चढ. धडधाकट पोरांनाही त्याला दोन-दोन तास लागतात. वर चक्क पाटी लावलीय की खाली अडकलात तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून घेतला जाईल. खर्चाचं सोडा, तो आम्ही दिला असता. पण तुम्हाला दोरावरून वर आणताना आईने ते बघायचं का?

वाळू कोरडी असली की साधारण चौतीस अंशांच्या पुढे उभी राहतच नाही, घरंगळते. तो उतार जवळजवळ तेवढाच आहे. पाऊल टाकलं की अर्धं खाली येतं. मऊ वाळूत नुसतं चालायलासुद्धा पक्क्या जमिनीच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त ताकद लागते. तुमच्या जावयांनी मागच्या उन्हाळ्यात हौसेने खाली जाऊन दाखवलं. वर आले तेव्हा चेहरा बीटासारखा झाला होता आणि बोलायला शब्द फुटत नव्हता. ते अठ्ठेचाळीसचे आहेत, आणि त्यांच्या हृदयात स्टेंट नाही.

हे मला लिहायचं नव्हतं. पण गेल्या दिवाळीत "बाबांना जरा ॲसिडिटी आहे" हे मी पाच दिवस ऐकत होते. दादाला माहीत, आत्याला माहीत, खालच्या दुकानदारालाही माहीत. मला कळलं ते स्टेंट घालून घरी आणल्यावर. लांब आहे, उगाच काळजी करेल, म्हणून नाही सांगितलंत, समजतं मला. आता निदान जे माझ्या डोळ्यांसमोर होणार आहे ते तरी मला ठरवू द्या. डॉक्टरांनी "चालत राहा" सांगितलंय, तुम्ही त्याचं "चढत राहा" केलंय.

आता तुमच्यासाठी काय ठेवलंय ते वाचा. त्याच पार्कात ड्यून क्लाइंब नावाची मोठी टेकडी आहे आणि ती गडासारखी सरळ आहे, म्हणजे गाडी पायथ्याला, चढ पुढ्यात. पायथ्याशी बसायला बाकडी आहेत, स्वच्छतागृह आहे. तिथे तुम्हाला हवं तेवढं चढा. चौथाई चढा, निम्मं चढा, जमलं तर माथ्यावर जा. मी सोबत असेन, पाण्याची सॅक माझ्या पाठीवर. मागे वळलं की ग्लेन लेक नावाचं दुसरं, छोटं तळं दिसतं, इतकं निळं की फोटोत खोटं वाटतं. फक्त माथ्यावर पोचलात की तिथूनच परत. सगळ्यांना वाटतं की टेकडीच्या पलीकडे लगेच मोठं तळं असेल. नसतं. पलीकडे वाळूची दुसरी टेकडी, मग तिसरी, निळ्या टोकांचे खांब बघत जायचं, सावली नाही, पाणी नाही, जाऊन-येऊन साडेतीन मैल. तीन-चार तासांचं काम आहे ते. "जरा पुढे बघून येतो" हे वाक्य त्या दिवशी चालणार नाही. तुमचं "जरा पुढे" आम्ही लहानपणापासून ओळखतो.

साडेचारशे फुटांवरून तळं मात्र बघायचंच आहे. पिअर्स स्टॉकिंग नावाच्या लाकडाच्या व्यापाऱ्याने जंगलातून तिथपर्यंत रस्ता काढला. १९६७ मध्ये तो लोकांसाठी उघडला, आता तो पार्काकडे आहे, सव्वासात मैलांच्या वर लांबी. गाडीने वर जायचं, थोडं चालायचं, लाकडी सज्जावर उभं राहायचं. आई, तू पहिल्यांदा विचारशील, "हा समुद्रच ना गं?" नाही, तळंच. पण आपले पाच सातारा जिल्हे त्यात मावतील आणि वर थोडी जागा उरेल. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, फक्त खारा वास नाही.

पार्काच्या "झोपलेलं अस्वल" या नावामागची गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे तिथे रडारड नको. इथल्या मूळच्या ओजिब्वे लोकांची आहे. विस्कॉन्सिनच्या बाजूला वणवा पेटला, तेव्हा अस्वलीण दोन पिल्लं घेऊन तळं पोहून निघाली. ती काठाला लागली, पिल्लं थोडी मागे राहिली आणि बुडाली. ती काठावर वाट बघत राहिली, तिची टेकडी झाली, पिल्लांची दोन बेटं झाली. मला ही गोष्ट फारशी आवडत नाही, का ते तुला कळेल. शिवाय ती टेकडी वाऱ्याने झिजत चाललीय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला २३४ फूट होती, १९८० पर्यंत शंभरच्या आसपास आली. तुझ्या नातीला मात्र भारी आवडते, ती तुला रंगवून सांगेल, तेव्हा पहिल्यांदाच ऐकतेयस असं कर.

राहण्याची काळजी करू नकोस आई. हॉटेल नाही, स्वयंपाकघर असलेलं छोटं घर घेतलंय, एका मजल्याचं, जिना नाही. कुकर, मेतकूट, तूप, तुझं आलं किसायचं पितळी किसणं, सगळं गाडीत टाकणार आहे. बाथरूममध्ये पाण्याचा मग ठेवेन, ते आधीच विचारून घेतलंय. गादी फार मऊ असली तर बाबांसाठी जमिनीवर सतरंजी घालू. आमच्याकडून चार-साडेचार तासांचा रस्ता आहे, दर तासाला थांबू. मोठं हॉस्पिटल ट्रॅव्हर्स सिटीत आहे, गाडीने पाऊण तास. हे मी सहज सांगतेय, घाबरवायला नाही. आणि हो, तू म्हणालीस की तिथल्या पाण्यातले खडे गौरीसाठी आणायचे. पार्कात एकही खडा उचलायला परवानगी नाही. बाहेरच्या एका काठावर नेईन, तिथे वेचू. पदरात लपवून आणू नकोस, मी तुला ओळखते.

मला आठवतं, सज्जनगडावर मी कंटाळले की बाबा दर वीस पायऱ्यांना आलेपाकाची एक वडी द्यायचे. वडी हातात देताना मुद्दाम दोन पायऱ्या वर जाऊन उभे राहायचे. शेवटी मी खांद्यावर असायचे आणि वड्या संपलेल्या असायच्या, त्या कोणी संपवल्या हे अजून कळलेलं नाही. येताना पाव किलो आणा. साखर वाढेल वगैरे बोलणार नाही, एक वडी तुम्हाला, बाकी नातीला.

आता ऐका. बूट नवीन घ्या, पण आत्ता घ्या आणि दोन महिने रोज वापरा. विमानतळावर व्हीलचेअर मी सांगून ठेवलीय, बाबांनी तिच्यावर बसायचंच. चालता येतं की नाही हा मुद्दा नाही, डेट्रॉइटला इमिग्रेशनची रांग फार लांब असते. रक्त पातळ करायची गोळी आणि बीपीची गोळी हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. आईने गुडघ्याचा पट्टा घ्यावा. लोणच्याची बरणी तीन पिशव्यांत गुंडाळा, गेल्या खेपेचं विसरला नसाल.

आणि विम्याचा फॉर्म दादाने भरायचा, बाबांनी नाही. "पूर्वीचे आजार" या रकान्यात बाबा "नाही" लिहिणार हे मला इथे बसून दिसतंय. तिथे स्टेंट लिहायचा, तारखेसकट. फॉर्म पाठवण्याआधी त्याचा फोटो मला व्हॉट्सॲपवर टाका.

तुमची,
ठमी