खेळाडूची तक्रार खरी, तोडगा तपासून घ्यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी तरुण तयार करीत असलेल्या कल्पनारम्य डावपेचांच्या खेळांविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख मी आस्थेने वाचला. असे खेळ खेळाडूंना विचारून घडवावेत, हे लेखकाचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. मात्र ज्या सूचनेला जास्त मते पडतील ती जशीच्या तशी नियमांत घालावी, हे त्यांचे मत मला पटत नाही, आणि ते का पटत नाही हे अनुभवावरून सांगावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी अमळनेरला माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. गेली तीन वर्षे सुट्ट्यांमध्ये काही विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासोबत मी पटावरचा एक खेळ तयार करीत आहे. पटावर तापीचे खोरे षट्कोनी घरांत मांडले आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगा आणि मध्ये चार काल्पनिक राज्ये. सैन्य, धान्य आणि मंत्र यांच्या जोडीला आपल्याकडच्या गोष्टींतले वेताळ, मुंजा आणि डोहातल्या साती आसराही त्यात आहेत.

पहिल्याच उन्हाळ्यात जवळजवळ प्रत्येकाने सांगितले की वेताळ फार बलवान आहे, त्याची ताकद निम्मी करा. मतमोजणी केली असती तर हा बदल त्याच दिवशी झाला असता. आम्ही ताकद कमी करून पाहिली, तेव्हा वेताळ कोणी घेईनासाच झाला आणि खेळाचा अर्धा थरार गेला. मग मी काही डाव नुसते बाजूला बसून पाहिले. वेताळाच्या मारापेक्षा तो अचानक येतो आणि समोरच्याला काहीच करता येत नाही, हे खेळाडूंना बोचत होते. त्यामुळे वेताळ फक्त रात्रीच्या पाळीत निघेल आणि निघण्याच्या एक पाळी आधी त्याच्या घरावर मशालीची सोंगटी ठेवावी लागेल, असा नियम केला. ताकद होती तेवढीच ठेवली, आणि तक्रार थांबली. दुखते कुठे, हे खेळाडूइतके अचूक कोणी सांगू शकत नाही. पण औषध कोणते, हे ठरवायला नियम एकमेकांत कसे गुंतले आहेत ते ठाऊक असावे लागते, आणि ती जबाबदारी खेळ घडवणाऱ्याने मतदानावर सोडू नये.

फाशांविषयीची तक्रार याहून अवघड होती. आमच्या खेळात दोन फाशांची बेरीज पाच किंवा अधिक आली की हल्ला यशस्वी होतो. छत्तीसपैकी तीस शक्यता हल्ला करणाऱ्याच्या बाजूने असतात, म्हणजे सुमारे ८३ टक्के. तरीही चाळीस हल्ल्यांच्या डावात सरासरी सहा-सात हल्ले फसणारच, आणि खेळाडूच्या लक्षात नेमके तेच राहतात. ‘सिव्हिलायझेशन’ या प्रसिद्ध खेळाचे जनक सिड मायर यांनी २०१० मध्ये खेळ घडवणाऱ्यांच्या परिषदेतील भाषणात हाच अनुभव मांडला होता: बाजू तीनास एक अशी भक्कम असली की खेळाडू विजय गृहीतच धरतो आणि हरला की खेळ चुकला असे समजतो. ‘फायर एम्ब्लेम’ या जपानी खेळमालिकेच्या २००२ नंतरच्या अनेक भागांत हल्ला लागला की नाही हे ठरवायला दोन यादृच्छिक आकड्यांची सरासरी घेतली जाते; अशी सरासरी टोकाला क्वचितच जाते, त्यामुळे पडद्यावर ९० टक्के दिसत असताना प्रत्यक्ष शक्यता सुमारे ९८ टक्के असते. याउलट, स्वयंसेवकांनी २००३ पासून घडवलेल्या आणि विनामूल्य मिळणाऱ्या ‘बॅटल फॉर वेसनॉथ’मध्ये नशिबाविरुद्ध वर्षानुवर्षे कुरकुर होऊनही दाखवलेली टक्केवारी हीच खरी टक्केवारी ठेवली आहे. गणिताचा शिक्षक म्हणून मला हा दुसरा मार्गच योग्य वाटतो. आकडा खोटा दाखवून मुलाला खूश करणे मला जमणार नाही. आम्ही फासे तसेच ठेवले. मात्र हल्ला फसला की हल्ला करणाऱ्याला ‘जिद्द’ नावाची एक कवडी मिळते, आणि तीन कवड्या जमल्या की एक फासा पुन्हा टाकता येतो. फसलेली पाळी आता वाया गेल्यासारखी वाटत नाही.

मत विचारण्याची रीतही महत्त्वाची आहे, आणि याकडे लेखात पूर्ण दुर्लक्ष झाले आहे. आम्ही आधी छापील प्रश्नावली दिली होती. प्रमाण मराठीतल्या प्रश्नांना ‘छान आहे’, ‘आवडला’ अशी परीक्षेत लिहावी तशी उत्तरे आली. डाव संपल्यावर पट आवरता आवरता अहिराणीत गप्पा सुरू झाल्या, तेव्हा तीच मुले ‘हाई बरोबर नही’ म्हणून एकेका नियमावर बोट ठेवू लागली. तेव्हापासून मी कागद बाजूला ठेवला. डाव चालू असताना कोण कुठे थांबले, कोणी नियम पुन्हा विचारला, कोणाचे लक्ष उडाले, एवढे वहीत टिपतो आणि नंतर त्यांच्या बोलीत बोलतो.

अशाच एका गप्पेतून आमच्या खेळाचा सर्वांत मोठा दोष दूर झाला. सुरुवातीला ज्याच्या हाती नदीकाठची शेते जात, तोच शेवटी जिंकत असे, आणि बाकीचे तासभर नुसते बसून राहत. मागे पडलेल्याला फुकट सोने द्या, असे बहुतेक मुलांचे म्हणणे होते. साक्री तालुक्यातून आलेले एका विद्यार्थ्याचे आजोबा पट पाहत होते. त्यांनी विचारले, की या राज्यात पाणी वाटून घेण्याची काही रीत नाही का? पांझरा नदीवर बंधाऱ्याच्या पाण्याचे फड, म्हणजे शेतांचे गट, असतात, एका फडात सगळ्यांचे एकच पीक असते, प्रत्येकाची जमीन वेगवेगळ्या फडांत थोडी थोडी असते, आणि पाणी कमी पडले की एखादा फड पडीक ठेवून तूट सगळेच सोसतात. त्यावरून आम्ही नियम केला: पावसाच्या पत्त्यावर पाणी कमी निघाले, तर ज्याच्याकडे सर्वांत जास्त फड असतील त्याने आधी एक पडीक ठेवायचा. पुढे गेलेल्याचा वेग आपोआप मंदावला, कोणालाही भीक द्यावी लागली नाही, आणि खेळ खानदेशाचा वाटू लागला. आजोबांनी स्वतः एकही डाव खेळला नव्हता, हे मी मुद्दाम नमूद करतो. कारण अभिप्राय म्हणजे फक्त सराईत खेळाडूंचे मत, असे लेखात गृहीत धरलेले दिसते. मोठ्या शहरांत असे खेळ तयार करणाऱ्यांनी नियम पक्के करण्याआधी एकदा तरी आपला पट गावाकडच्या ओसरीवर मांडावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आमचाही एक नियम अजून अडलेला आहे. तापी ओलांडताना डोहातल्या आसरांना धान्य द्यावे लागते. निम्म्या खेळाडूंना हा कर जाचक वाटतो, तर उरलेल्यांना त्याशिवाय नदीला काही अर्थच राहत नाही असे वाटते. धान्याऐवजी एक पाळी थांबण्याचा पर्याय देऊन दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तो पुन्हा खेळून पाहणार आहोत. आपल्या वाचकांपैकी कोणाला याहून वेगळा मार्ग सुचत असेल, तर त्यांची पत्रे याच सदरात वाचायला मला आवडेल.

आपला,
एक शिक्षक-वाचक,
अमळनेर, जि. जळगाव