त्याला स्वतः यायला सांग

सांगली
मंगळवार, दुपार

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर आपण दोघी बोलायला लागलो की तिसऱ्या वाक्याला वाजतं, म्हणून लिहितेय. दुकान दुपारचं बंद आहे, बाबा झोपलेत. त्या विषयावर एक अक्षर काढणार नाही असं त्यांना कबूल केलंय. ते म्हणाले, "मग लिहिणार काय?" म्हटलं, सिनेमाबद्दल लिहीन. त्याला कोणाची हरकत असायचं कारण नाही.

तू जाताना दारात म्हणालीस ना, "आई, तो थोडासा हाऊलसारखा आहे, वरवर बघून ठरवू नकोस"? मला आधी कळेना हा हाऊल कोण. मग बाबांनाच आठवलं, लॉकडाऊनमध्ये तू आम्हाला बळेबळे बसवून दाखवलेला जपानी सिनेमा, हाऊल्स मूव्हिंग कॅसल. तेव्हा मी मास्क शिवत होते. नगाला नग लावायचा होता, मान वर करायला फुरसत नव्हती. चालतं घर आणि चुलीतला बोलणारा जाळ एवढंच काय ते डोक्यात राहिलं होतं. म्हटलं, आता नीट बघू या. शनिवारी रात्री दोघं बसलो. खालच्या इंग्रजी ओळी बाबा मोठ्याने वाचतात आणि वाचून होईपर्यंत चित्र पुढे गेलेलं असतं, म्हणून थांबव-चालू कर करत दोन तासांचा सिनेमा संपायला साडेबारा झाले.

आवडला. आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून म्हणशील आईने नावंच ठेवायला बघितला.

ती सोफी टोपीला फीत लावत बसलेली असते ना सुरुवातीला, खिडकीबाहेर आगगाडीचा धूर जातो आणि बाकीच्या पोरी नटूनथटून बाहेर पडतात. तिच्या हाताकडे बघितलंस का कधी? सुई ओढताना मनगट कसं वळतं, दोरा संपत आला की बोटं कशी जवळ येतात. ज्याने ते काढलंय त्याने कोणातरी शिवणाऱ्या बाईशेजारी बसून बघितलंय. बहीण तिला विचारते, तुला खरंच जन्मभर त्या दुकानात बसायचंय का? आणि ही म्हणते, बाबांचं दुकान आहे, मी थोरली आहे. तिथे बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी टीव्हीकडेच बघत राहिले. नानांचं मशीन माझ्याकडे कसं आलं ते तुला माहीतच आहे, परत उगाळत नाही.

आता तो हाऊल. दिसायला राजबिंडा, कबूल. पण तो गुलाबी-करड्या चौकटींचा कोट आहे ना त्याचा, सदान्‌कदा नुसता खांद्यावर टाकलेला. बाह्यांत हात घालायचेच नसतील तर शिंप्याने बाह्या बसवायच्या कशाला? बाही बसवणं किती जिकिरीचं काम आहे, तू बघितलंयस. नावं दोन, एका गावात जेंकिन्स, दुसऱ्यात पेनड्रॅगन. न्हाणीघरातल्या बाटल्या सोफीने आवरल्या, केसांचा रंग बिघडला, तर म्हणे सुंदर नसेन तर जगण्यात अर्थ नाही, आणि अंगातून हिरवा चिकटा गळतोय. तो पुसायचा कोणी? चेटकिणीच्या शापाने नव्वदीची म्हातारी झालेल्या पोरीने! बाबा हसून हसून खोकायला लागले. मला हसू आलं नाही. म्हणजे आलं, पण ती मग पावसात बाहेर जाऊन रडते, "मी तर कधीच सुंदर नव्हते," तेव्हा गेलं. तू दहावीत असंच एकदा आरशासमोर म्हणाली होतीस. मी तेव्हा काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुतेक, "अभ्यासाला बस."

न्याहारी मात्र झकास करतो हं तो. तो चुलीतला जाळ, कॅल्सिफर, कोणाचं ऐकत नाही, पण हा आला की मुकाट डोकं खाली घालून तव्याखाली जळतो. मांसाच्या जाड पट्ट्या चरचरतात, एका हाताने अंडी फोडतो आणि टरफलं त्या जाळालाच भरवतो. असल्या खरकट्या घरात इतकं चवीने जेवणारी माणसं बघून मला रात्री बारा वाजता भूक लागली. तुझा तो स्वयंपाक करतो म्हणालीस. चांगलं आहे. पण न्याहारी करणं वेगळं आणि

नाही. कबूल केलंय.

त्या जिन्याबद्दल लिहिते. राजवाड्याचा जिना. सोफी एक पायरी चढतेय, काखेत ते धापा टाकणारं जाडं कुत्रं, आणि शेजारी तीच चेटकीण जिने हिला म्हातारी करून टाकलं. तिची पालखी वाहणारी भुतं पायथ्याशीच विरघळून गेलेली. घामाने तिची रंगरंगोटी उतरतेय, गळ्याच्या वळ्या हलताहेत, तरी मागे फिरत नाही. किती वेळ चालतं ते! काहीही घडत नाही, दोन म्हाताऱ्या फक्त जिना चढतात. माझे गुडघे दुखायला लागले बघताना. दुसरा कोणी असता तर दोन मिनिटांत कापलं असतं. सगळ्या सिनेमात मला हेच जास्त आवडलं.

पण ती तो जिना चढतेय कशासाठी, ते लक्षात आहे ना? राजाचं बोलावणं हाऊलला आलंय. त्याला जायचं नाही आणि नाही म्हणायचीही हिंमत नाही. म्हणून तो हिला सांगतो, माझी आई म्हणून जा आणि सांग की पोरगा काही कामाचा नाही. अगं, ज्याचं बोलावणं त्याने जायला नको का? तिथे मी बाबांना टीव्ही थांबवायला लावला. म्हटलं, बघा. दसऱ्याला काय झालं? पुरणाचा घाट घातलेला, आठल्यांकडून खुर्च्या आणलेल्या, आणि तू एकटी आलीस. "त्याला ऐनवेळी काम निघालं, आई." दिवाळीतही तूच. परवाही तूच. तो कसा आहे, त्याने तिसरी नोकरी का सोडली, त्याच्या घरचे का बोलत नाहीत, सगळं तुझ्या तोंडून. त्याचा आवाज कसा आहे हेही मला ठाऊक नाही. नोकऱ्या सोडतो म्हणून मी रागावलेय असं तुला वाटतं. नोकऱ्यांचं काय, बाबांनीही गिरणी बंद पडल्यावर दोन वर्षं काय काय केलं. पण लोकांना तोंड त्यांनी स्वतः दिलं.

लिहिलंच शेवटी. असू दे आता, खोडत नाही. बाबांना वाचायला देणार नाही.

अक्कामावशी आठवते ना तुला? वाड्याच्या दारात उभी राहायची, पदर खोचलेला, आणि वसुलीला आलेल्याला हसून सांगायची, "ते मिरजेला गेलेत, उद्या येतील." काका वर माळ्यावर, पोत्यामागे. मी आठ-नऊ वर्षांची असेन, मला वरून त्यांच्या चपला दिसायच्या. अक्का काय सुरेख बोलायची! येणारा माणूस चहा पिऊन, उलट तिचीच विचारपूस करून जायचा. सगळे म्हणायचे, बाई हुशार आहे. होतीच. तिची सगळी हुशारी त्या दारातच खर्च झाली. तिला विणकामाचं बक्षीस मिळालेलं, पेटी वाजवायची, कोणाला आठवतं आता?

राजवाड्यातला पुढचा प्रसंग मी परत लावला. बाबा झोपायला गेल्यावर, एकटीने. ती राजाची जादूगारीण सुलिमान खुर्चीत बसलीय, आणि सोफी हाऊलची बाजू घेऊन बोलायला लागते. तो स्वार्थी आहे, भित्रा आहे, पण सरळ आहे, त्याला मोकळं राहायचंय. आणि बोलता बोलता तिच्या सुरकुत्या जातात, पाठ ताठ होते, आवाज तरणा होतो. बाबांनी मोबाईलवर वाचून सांगितलं होतं की तरुण आणि म्हातारी, दोन्ही सोफींचा आवाज चिएको बाईशो या एकाच नटीने दिलाय, आणि २००४ साली सिनेमा आला तेव्हा ती साठीच्या पुढे होती. सुलिमान म्हणते, म्हणजे तुझं त्याच्यावर प्रेम आहे तर. त्यासरशी पोर पुन्हा म्हातारी.

चिऊ, ओट्याशी उभी राहून तू त्याच्याबद्दल बोलत होतीस तेव्हा तुझा चेहरा असाच झाला होता. मी कणीक मळत होते, मला दिसत होतं. आणि मग मी काहीतरी बोलले आणि तो चेहरा गेला. तेवढंच रात्रभर डोक्यात होतं. तू खोटं बोलत नाहीस हे मला तेव्हाच कळलं होतं. पण अक्काचाही चेहरा दारात असाच उजळायचा गं. मी दोन्ही बघितलंय, मी काय करू?

हाऊल येतो म्हणा सोफीला सोडवायला. पण येतो तोही राजाचं सोंग घेऊन.

सिनेमा शेवटी बिघडतोच, हे तूही तेव्हा म्हणाली होतीस. ते युद्ध कोणाचं, कशासाठी, काही पत्ता लागत नाही. त्या बुजगावण्याचा मुका घेतल्यावर तो शेजारच्या देशाचा राजपुत्र निघतो, आणि सुलिमान कंटाळल्यासारखी म्हणते, पुरे झालं हे मूर्ख युद्ध. झालं! एवढी गावं जळली ती? बाबांचं म्हणणं, मूळ पुस्तक डायना विन जोन्स या इंग्रज बाईचं, १९८६ सालचं, त्यात युद्धाला एवढी जागाच नाही. आधी हा सिनेमा मामोरू होसोदा नावाचा दिग्दर्शक करणार होता, तो बाहेर पडला आणि मियाझाकींनी हातात घेतला. तेवढ्यात २००३ साली अमेरिकेने इराकवर हल्ला केला. त्याच महिन्यात त्यांच्या आधीच्या सिनेमाला ऑस्कर मिळालं, तर हे घ्यायलासुद्धा गेले नाहीत. तो सगळा राग ह्या सिनेमात उतरला. म्हणजे खणाच्या ब्लाउजला मध्येच खादीची पाठ लावलीय. दोन्ही कापडं अस्सल, पण शिवणीवर ताण येतो.

तरी त्या जळत्या गावाला मी नावं ठेवणार नाही. मियाझाकी १९४१ चे. चार वर्षांचे असताना उत्सुनोमियावर बॉम्ब पडले तेव्हा ते तिथेच होते, आणि घरचा कारखाना लढाऊ विमानांचे भाग बनवायचा. आई कित्येक वर्षं मणक्याच्या क्षयाने अंथरुणाला खिळलेली. अशा माणसाला युद्ध कथेत बसतं की नाही, हे कोण विचारणार?

सोफीची आई मात्र मला फार लागली. रडत रडत येते, मिठी मारते, आणि जाताना टेबलावर पिशवी ठेवून जाते, आत हेरगिरी करणारा किडा. तिच्यावर जबरदस्ती झालेली असते, ठीक आहे. तरी आपल्या पोरीच्या घरात? बाबा परवा म्हणाले होते की तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीला फोन करून त्याच्याबद्दल विचार. मी साफ नाही म्हटलं. हे तुला कळावं म्हणून लिहितेय.

आणि ती चेटकीण सगळं बळ जाऊन नुसती भ्रमिष्ट म्हातारी होते, तिला सोफी घरी आणते, घास भरवते. तिथे तू आजीला पेज भरवायचीस ते आठवलं. आजीने तुला लहानपणापासून काय काय ऐकवलं होतं, तरी शेवटचं वर्ष तूच तिची बोटं पुसलीस. मी सगळीकडे सांगत फिरायचे. अजूनही सांगते, परवा साठेवहिनींना सांगितलं. पण ज्या पोरी सगळ्यांचंच करतात त्यांचं करायचं राहून जातं, ही भीती तेव्हाच मनात शिरली होती. बघ, ती चेटकीण पुढे हाऊलचं काळीज मुठीत धरते, स्वतः पेटते आणि तिला वाचवताना घर कोसळतं.

हे फार झालं. सव्विसाव्या वर्षी मला कोणी असं पत्र लिहिलं असतं तर मी न वाचता ठेवून दिलं असतं. तू शहाणी आहेस. तुझ्या पगारातून दुकानाचं छप्पर झालं, हे मी विसरत नाही.

हाऊल एकदाच बरं बोलतो. आता पळणं पुरे झालं, राखायला काहीतरी मिळालंय, ते म्हणजे तू. हे तो स्वतः म्हणतो, सोफीला. मला नोकरीचा कागद नको, पत्रिका नको, जातपात तर मी विचारलीही नव्हती, आठवून बघ. त्याने एकदा यावं, चहा घ्यावा आणि काय सांगायचं ते आपल्या तोंडाने सांगावं. वाईट सांगितलं तरी चालेल. अडखळला तरी चालेल. तू तेव्हा आत बस, नाहीतर बाबांबरोबर भाजी आणायला जा. त्याची वाक्यं तू पुरी करायची नाहीत, एवढंच.

रविवारी दुकान बंद असतं. सकाळच्या गाडीने निघालात तर जेवायला पोहोचाल. त्याला जमत नसेल तर तसा फोन त्याने करावा, दोन ते चार मी मोकळी असते.

निळ्या ब्लाउजची बाही अर्धा इंच सैल केलीय.

तुझी,
आई

ता. क. बाबा उठलेत. त्याला मटण चालतं का विचारताहेत. तू कळवू नकोस, त्यालाच कळवू दे.